देवळाच्या अंगणातील खोटा अशोक

चैत्र शुद्ध अष्टमीस अशोकाच्या कळ्या प्राशन कराव्यात, असे आपल्या धर्मग्रंथांत सांगितले आहे. पंचांगात त्या तिथीपुढे 'अशोककलिकाप्राशन' हा शब्द आजही छापलेला आढळतो. तो वाचणारे थोडे, आणि वाचून आचरणारे त्याहून थोडे. आमच्या कुटुंबातील एक वृद्ध मावशी मात्र हा नेम निष्ठेने पाळीत आल्या आहेत. आठ कळ्या पाण्यातून घ्याव्यात आणि शोक निवारण व्हावा म्हणून प्रार्थना करावी, एवढाच तो साधा विधी. पूर्वी त्यांच्या माहेरच्या परसात अशोक होता, तोवर अडचण नव्हती. ते घर गेले, झाड गेले. गेल्या चैत्रात त्या देवळात गेल्या आणि पुजाऱ्यांना त्यांनी विचारले, "भटजी, अशोकाच्या कळ्या कुठे मिळतील हो?" भटजींनी कुंपणालगतच्या रांगेकडे बोट दाखविले. "मावशी, अशोक काय, हवे तेवढे आहेत. घ्या की तोडून."

मावशींची दृष्टी मंद झाली आहे. त्यांनी आठ हिरवट कळ्या खुडल्या, देवापुढे ठेवल्या आणि तीर्थासारख्या घेतल्या. सायंकाळी ही हकीकत आमच्या कानी आली तेव्हा ते झाड अशोक नव्हे, असे आम्ही त्यांस सांगितले. ते सांगावयास नको होते, असे आता वाटते. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मग मी घेतले ते काय रे?"

या प्रश्नाने आम्हांस हा लेख लिहावयास भाग पाडले आहे. दोष भटजींचा नव्हे. त्यांना जे नाव सांगितले गेले तेच त्यांनी सांगितले. दोष आहे तो आपणां सर्वांचा. गोव्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत बागा, कचेऱ्या, बंगले यांच्या कुंपणालगत एकच उंच, निमुळते, खाली लोंबत्या फांद्यांचे झाड आपण रांगेने लावीत सुटलो. आता तेच झाड आपण देवाच्या अंगणातही आणून उभे केले आहे आणि त्यास बिनदिक्कत 'अशोक' म्हणू लागलो आहोत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण याहून चपखल कोठे लागू पडेल, हे आम्हांस ठाऊक नाही.

प्रथम ही दोन झाडे वेगळी ओळखू या. खरा अशोक, ज्यास लोक आता सीता अशोक म्हणतात, तो शेंगा धरणाऱ्या वृक्षांच्या कुळातला. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सराका असोका. सह्याद्रीच्या ओलसर रानांत, ओढ्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत तो वाढतो. उंची बहुधा वीस-तीस फूट. घेर गोलसर, पानांची दाटी मोठी. वसंतात त्यास फुलांचे गेंद येतात, आणि ते केवळ डहाळ्यांच्या टोकांस नव्हे तर जुन्या, जाड खोडालाही फुटतात. त्या फुलांना पाकळ्याच नसतात. पाकळ्यांसारखी दिसतात ती रंगीत पुष्पकोशाची चार दले. उमलताना ती पिवळट नारिंगी असतात, पुढे शेंदरी होतात आणि शेवटी तांबडी. त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग एकदम दिसतात आणि त्यांतून लांब केसर बाहेर डोकावतात. सुवास मंद, पण सायंकाळी जवळून जाणाऱ्यास थांबविणारा.

दुसरे झाड सीताफळाच्या कुळातले. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँजिफोलिया असे होते. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ते मोनून या वंशात घातले. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळस्थान. त्याची फुले फिकट हिरवी, सहा पाकळ्यांची, पानांत लपून जाणारी. फळे घोसांनी येतात आणि पिकली म्हणजे जांभळटकाळी होतात. या झाडाचे मूळ रूप चांगले फांद्या पसरणारे, सावली देणारे आहे. परंतु बागांतून जे लावले जाते ते त्याचे लोंबते रूप. त्याच्या फांद्या खोडालगत खाली झुकतात, आणि झाड पानांनी मढविलेल्या खांबासारखे दिसते.

आता आपल्या निघंटूंनी अशोकास दिलेली नावे घ्या आणि ती या खांबास लावून पाहा. हेमपुष्प: याचे फूल सोन्यासारखे नाही, हिरवे आहे. पिंडपुष्प: याच्या फुलांचे गेंद होत नाहीत. गंधपुष्प: याच्या फुलाचा वास घेण्यासाठी कोणी थांबल्याचे आम्ही पाहिले नाही. ताम्रपल्लव: हे एक नाव मात्र थोडेसे लागू पडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण याचीही कोवळी पाने तांबूस असतात आणि खाली लोंबतात. बहुधा घोटाळ्याचे मूळ येथेच असावे. खऱ्या अशोकाची नवी पालवी इतकी मऊ असते की ती ताठ उभीच राहू शकत नाही. तांबूस रेशमी गोंड्यांसारखी ती डहाळीवरून लोंबत राहते आणि काही दिवसांनी हिरवी होऊन सावरते. लोंबत्या ताम्रपल्लवाची स्मृती लोकांच्या मनात राहिली, अशोक नजरेआड झाला, आणि दुसरे लोंबत्या पानांचे झाड त्याच्या जागी येऊन बसले. साम्य एका नावापुरते. भेद मात्र कुळाचा, फुलाचा, फळाचा, गुणाचा.

अशी चूक शास्त्रज्ञांच्याही हातून झाली आहे. आपला अशोक आणि जावाकडील सराका इंडिका हे दोन वृक्ष त्यांनी दीर्घकाळ एकच मानले होते. १९६८ च्या सुमारास ते वेगळे आहेत असे दाखविले गेले आणि आपल्या वृक्षास असोका हे नाव परत मिळाले. चूक होणे हा अपराध नव्हे. ती ध्यानात आल्यावरही तशीच चालू ठेवणे हा अपराध होय.

या लोंबत्या झाडांच्या हौसेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. इंग्रजांच्या उद्यानकलेत खाली झुकलेल्या फांद्यांच्या झाडांचा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यांस ते 'रडणारी झाडे' म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तळ्याकाठचा रडणारा विलो, ज्याच्या जातीस आपण वाळुंज म्हणतो. गंमत अशी की त्याच्याही नावात घोटाळाच आहे. ते झाड मूळचे चीनमधले. परंतु बायबलातील एका स्तोत्रात, बाबिलोनच्या नद्यांकाठी शोकाकुल यहुद्यांनी आपली वाद्ये झाडांवर टांगली, असा उल्लेख आहे. तो मनात धरून लिनियसने १७५३ साली या चिनी झाडास बाबिलोनचे नाव दिले. स्तोत्रातले ते झाड बहुधा विलो नव्हतेच, ते फरात नदीकाठचे पॉप्लर असावे, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा लोंबत्या झाडास भलत्याचे नाव देण्यात आपण पहिले नाही. पण आपली चूक अधिक विनोदी आहे. त्यांनी निदान शोकाच्या कथेतले नाव शोकाकुल दिसणाऱ्या झाडास दिले. आपण रडव्या झाडांच्या पंक्तीतले झाड आणले आणि त्याचे नाव ठेवले अशोक, म्हणजे ज्यास शोक नाही तो!

आपल्या भाषेत झाड रडत नाही, हेही लक्षात घ्या. मराठीत काय, कोकणीत काय, झाड लवते, झुकते, फळांनी वाकते. वाकणे हे आपल्याकडे नम्रतेचे लक्षण आहे, दुःखाचे नव्हे. झाडाकडे पाहण्याची ही जी दृष्टी आपणांस वारशाने मिळाली आहे, ती देवळाच्या अंगणात तरी जपावयास नको काय?

देवळाच्या अंगणातले झाड शोभेसाठी कधीच नव्हते. शोभा त्यास असे, पण ती कामाच्या मागून येई. पिंपळ प्रदक्षिणेस, वड वटपौर्णिमेस, बेल शिवास, आंबा तोरणास. बकुळ, ज्याच्या फुलांस आम्ही गोव्यात ओंवळां म्हणतो, ती पहाटे सडा घाली आणि मुली ती वेचून गजरे ओवीत. सुरंगी, नागचाफा, चाफा ही देवाच्या पूजेची झाडे. मार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा फूल आणि देवस्थान यांचे नाते काय असते हे पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. उत्सवाच्या दिवशी शेकडो पाने याच झाडांखाली मांडली जात आणि दुपारच्या उन्हात लांबून आलेला भाविक त्यांच्याच सावलीत टेकत असे. झाड हे देवस्थानच्या चाकरीतले एक सेवेकरी होते.

या सेवेकऱ्यांच्या जागी आपण आणलेला हा खांब कोणती सेवा करतो? त्याखाली दोन माणसांस बसता येईल एवढी सावली पडत नाही. त्याचे फूल देवास वाहता येत नाही. फळ माणसाच्या उपयोगाचे नाही. शिवाय आमच्या गोमंतकीय देवळांची जी खरी उंच शोभा, तो दीपस्तंभ, त्याच्या दोहों बाजूंस हे हिरवे खांब उभे राहिले म्हणजे तो त्यांत हरवून जातो. पणत्यांच्या ओळींनी उजळणारा स्तंभ दुरून दिसावा म्हणूनच उभारलेला असतो. त्यापुढे पानांचा पडदा लावणे यास सजावट म्हणावयाचे काय?

आमच्या परिचयाच्या एका देवळात फरसबंदीसाठी एक जुनी बकुळ तोडण्यात आली आणि तिच्या जागी या खांबांची रांग लागली. सभेत आम्ही विरोध केला. तेव्हा जी उत्तरे मिळाली, ती सर्वत्र मिळणारीच आहेत, म्हणून त्यांचा येथे परामर्श घेतो.

पहिले उत्तर स्वच्छतेचे. बकुळीचा कचरा होतो, हे झाड सदा हिरवे राहते. सदा हिरवे याचा अर्थ पाने गळतच नाहीत असा नव्हे. ती वर्षभर थोडी थोडी गळतात इतकेच. आणि याची फळे पिकली म्हणजे रात्री वटवाघळे येतात. सकाळी फरसबंदीवर पडलेल्या बियांचा आणि डागांचा सडा कोण झाडतो, ते झाडणाऱ्या बाईंस विचारावे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, ज्याचा गजरा होतो असा कचरा हवा की ज्याचे काहीच होत नाही असा?

दुसरे उत्तर जागेचे. हे झाड थोड्या जागेत मावते. ही गोष्ट खरी आहे. रस्त्याकडेच्या अरुंद पट्टीत धूळ अडविण्यास ते लावले तर आमची तक्रार नाही. परंतु ज्या अंगणात सभामंडपाएवढी फरसबंदी करावयास जागा निघते, तेथे एका बकुळीस वा अशोकास जागा नाही, हे पटण्यासारखे नाही.

तिसरे उत्तर भक्तीचे, आणि म्हणून ते अधिक गंभीर. भाव तेथे देव. मावशींनी ज्या भावाने कळ्या घेतल्या तो देवास पावला. झाडाच्या जातीची चौकशी कशाला? मावशींचा भाव देवास पावला असेल, याविषयी आम्हांस यत्किंचित शंका नाही. पण त्यांचा भाव शुद्ध होता यावरून आपला कारभार शुद्ध ठरत नाही. तुपाच्या नावाने दुसरेच काही नंदादीपात घातले, तर 'भाव तेथे देव' म्हणून आपण पुरवठा करणाऱ्यास सोडतो काय? भक्ताने भाव आणावयाचा आणि देवस्थानाने सत्य पुरवावयाचे, अशी ही वाटणी आहे. आपल्या वाटचे काम आपण भक्ताच्या भावावर ढकलू नये.

चौथे उत्तर रामायणाचे. सीतामाई याच झाडाखाली बसली होती, असे एका गृहस्थांनी सभेत ठासून सांगितले. वाल्मीकींनी सीतेस अशोकवनिकेत बसविले हे खरे, पण ज्या वृक्षातळी ती बसली आणि ज्याच्या फांद्यांत हनुमान लपला, तो वृक्ष त्यांनी शिंशपा म्हणून सांगितला आहे. ते असो. पण या खांबाच्या तळाशी ना सीतेस बसावयास सावली, ना मारुतीस टेकावयास एखादी आडवी फांदी. ग्रंथाचा दाखला देणाऱ्याने निदान झाडाकडे एकदा मान वर करून पाहावे.

बडोद्याच्या वाचकांकडून एक आक्षेप येईल, तो मात्र आम्हांस मान्य आहे. गुजरातेत याच झाडाच्या पानांची तोरणे मंगलकार्यात दारी बांधतात. ती प्रथा सुंदर आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. पण गुजराती माणूस त्या झाडास आसोपालव म्हणतो. आंध्र-तेलंगणात त्यास नरमामिडी म्हणतात, तमिळ मुलखात नेट्टिलिंगम. या मंडळींनी झाडास त्याचे स्वतःचे नाव दिले आणि स्वतःचे काम दिले. आपण मात्र त्यास दुसऱ्याच्या नावाने वावरावयास लावले. आसोपालव म्हणून ते दारी सन्मानाने शोभते. अशोक म्हणून ते तोतया ठरते.

झाडावर आमचा राग नाही, हेही स्पष्ट करतो. ते याच भूमीचे आहे. वटवाघळे आणि कोकिळा त्याच्या फळांवर जगतात. हिरव्या ठिपक्यांची जी चपळ शेपटीवाली फुलपाखरे बागेत दिसतात, त्यांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. झाड निरपराध आहे. खोटेपणा त्यास चिकटविला तो रोपे विकणाऱ्यांनी आणि न विचारता विकत घेणाऱ्या आपण.

आणि या खोटेपणाचे परिणाम केवळ एका विधीपुरते राहिलेले नाहीत. अशोकाची साल हे आयुर्वेदातील स्त्रीरोगांवरचे प्रसिद्ध द्रव्य. अशोकारिष्ट तिच्यापासूनच करतात. साल काढण्यासाठी रानांतली झाडे सोलली गेली, ओढ्यांकाठची रानेही आटली, आणि १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघास हा वृक्ष 'असुरक्षित' वर्गात घालावा लागला. खरी साल दुर्मिळ झाली तशी तीत भेसळ वाढली, आणि ही भेसळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सालींत याच खोट्या अशोकाची साल प्रमुख आहे, हे औषधिशास्त्राच्या अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. म्हणजे पाहा: नावाची जी गफलत आपण अंगणात सहज म्हणून चालू दिली, तीच औषधाच्या बाटलीपर्यंत पोहोचली आहे. लोकांच्या डोळ्यांसमोर खरा अशोक असता, तर निदान त्याचे पान, त्याची साल, त्याचे फूल ओळखणारी चार माणसे प्रत्येक गावात उरली असती. जे झाड कोणी ओळखत नाही, त्याच्या नावाने काहीही विकता येते.

मदनाच्या पाच बाणांत ज्याचे फूल आहे, 'मालविकाग्निमित्रा'त मालविकेच्या पदस्पर्शाची ज्यास प्रतीक्षा आहे, त्या अशोकाचे चित्र आज आमच्या मुलांच्या मनात कोणते उभे राहते? कुंपणालगतच्या हिरव्या खांबाचे. संस्कृत शिकविणाऱ्या शिक्षकांनी वर्गात एकदा विचारून पाहावे. फुलाविना अशोक शिकलेल्या मुलास ते नाटक अर्धे बंदच राहणार.

तेव्हा करावयाचे काय? उभे असलेले खांब तोडा, असे आम्ही म्हणत नाही. एक चूक झाकण्यासाठी दुसरी कुऱ्हाड नको. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली ही की, प्रत्येक देवस्थानाने आपल्या आवारातील झाडांची खरी नावे लिहून लावावीत. आसोपालवास आसोपालव म्हणावे, त्यात कमीपणा नाही. दुसरी ही की, यापुढे देवळाच्या खर्चाने केवळ शोभेचे झाड लावू नये, आणि जुने फुलाचे वा सावलीचे झाड महाजनांच्या सभेपुढे विषय ठेवल्याविना तोडू नये. तिसरी ही की, प्रत्येक देवस्थानाने निदान एक खरा अशोक लावावा.

तो लावणे कठीण नाही, मात्र धीर लागतो. ताजे बी मिळताच पेरावे, ठेवून दिल्यास त्याची उगवण लवकर कमी होते. रोप विकत घेतल्यास जाणत्याकडून पान तपासून घ्यावे. अशोकाचे पान संयुक्त असते, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात. खोट्याचे पान एकेकटे, लांबट, लाटांसारख्या कडांचे असते. एवढी खूण लहान मुलासही ओळखता येईल. पावसाच्या आरंभी लावावे. कोकणात व गोव्यात देवळाच्या तळीकाठची ओलसर, अर्धसावलीची जागा त्यास मानवते. इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींनी पहिली काही वर्षे त्यास उन्हाळ्यातील झळा आणि हिवाळ्यातील कडाका यांपासून आडोसा द्यावा आणि पाणी तुटू देऊ नये. झाड सावकाश वाढेल. आपल्या वाडवडिलांनी लावलेली बकुळही सावकाशच वाढली होती, आणि ती आपण एका सकाळी तोडली.

पुढील चैत्रातल्या अष्टमीस आमच्या मावशींस आम्ही सहा कोसांवरच्या एका जुन्या परसातून कळ्या आणून देणार आहोत, तशी त्या घरच्यांशी बोलणी झाली आहेत. पण दरवर्षी अशी धावपळ करणारा भाचा प्रत्येक मावशीस असतोच असे नाही. म्हातारी देवळात येते ती तेथे खरे ते मिळेल या विश्वासाने. महाजनांच्या येत्या सभेत हा विषय कोणी तरी मांडावा, आणि मांडणाऱ्यास इतरांनी हसू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.